नटसम्राज्ञी सारा बर्नार

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी फारसा विचार न करता फ्रान्सची थोर नटी सारा बर्नार हिचे नाव कळवले. त्यावर दोघीतिघींनी मला प्रेमानेच विचारले, की अहो, समाजसेविका आहेत, शिक्षिका आहेत, डॉक्टर आहेत. त्या सगळ्या सोडून नटीचे चरित्र कशाला, आणि तेही परदेशातल्या? प्रश्न रास्त आहे. हा लेख म्हणजे माझ्यापरीने त्याचे उत्तर आहे.

एक घरगुती कारणही सांगून टाकते. मंडळाच्या नाटकांतून मी वर्षानुवर्षे मिशा लावून सासऱ्याची, मामंजींची, वकिलाची कामे केली, हे आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, मांडीचे हाड मोडले आणि हातात काठी आली. तेव्हापासून मी तालमीकडे फिरकले नाही. लंगडत रंगभूमीवर जायचे आणि लोकांना कीव करायला लावायची, हे मनाला पटेना. त्या दिवसांत नातीने वाचनालयातून साराचे चरित्र आणून दिले. वेळ जावा म्हणून वाचायला घेतले आणि ती बाई मनात ठाण मांडून बसली, ती आजवर.

साराचा जन्म पॅरिस शहरी १८४४ च्या ऑक्टोबरात झाला. आपल्या सांगलीस विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा पहिला प्रयोग केला, त्याला तेव्हा जेमतेम वर्ष होत आले होते. साराची आई ज्यू, हॉलंडातून पॅरिसला आलेली. श्रीमंत पुरुषांच्या आश्रयावर तिचा सगळा थाटमाट चाले. वडिलांचे छत्र साराला लाभले नाही आणि आईलाही या किडकिडीत, तापट मुलीचा फारसा लळा नव्हता. तान्हेपणीच तिला दूर ब्रिटनी प्रांतात एका दाईकडे वाढायला ठेवले होते. पुढे व्हर्साय येथील कॉन्व्हेंटात तिचे शिक्षण झाले. तिथल्या जोगिणींनी दिलेली माया तिला इतकी गोड वाटली, की आपणही जोगीण व्हावे असे तिने मनाशी ठरवून टाकले होते.

मुलीचे पुढे काय करावे, याचा घरी खल चालला असताना आईच्या ओळखीच्या ड्यूक द मोर्नी यांनी तिला नाट्यविद्यालयात घालण्याची सूचना केली. हे गृहस्थ सम्राट तिसऱ्या नेपोलियनचे सावत्र भाऊ. त्यांचा शब्द कोण मोडणार? १८६० साली पॅरिसच्या सरकारी नाट्यविद्यालयात साराचा प्रवेश झाला. नटी होण्याची हौस तिला मुळीच नव्हती. पण एकदा त्या वाटेला लागल्यावर तिने मागे वळून पाहिले नाही.

१८६२ साली ती कोमेदी फ्रांसेज या प्रसिद्ध नाट्यसंस्थेत दाखल झाली. ही संस्था १६८० सालची, सरकारी आश्रयाची, मानमरातबाची. तिथे रासिन या नाटककाराच्या इफिजेनीमध्ये साराने पहिले पाऊल टाकले आणि ते पार फसले. भीतीने तिचा घसा कोरडा पडला होता. टीकाकारांनी तिची दखल घेतली न घेतली, इतकेच. ही रंगभूमीची धास्ती तिला पुढे साठ वर्षे सोडून गेली नाही, हे वाचून मला मोठा धीर आला. पडदा वर जायच्या आधी आपल्या पोटात जो गोळा येतो, तो या नटसम्राज्ञीच्याही पोटात येत असे!

संस्थेत तिला जेमतेम काही महिने झाले होते, तोच एक प्रसंग घडला. १८६३ च्या जानेवारीत मोलिएर या थोर नाटककाराच्या जयंतीचा सोहळा होता. सारा आपल्या धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन गेली होती. त्या लहानगीचा पाय एका ज्येष्ठ नटीच्या लांब झग्यावर पडला. त्या बाईंनी पोरीला असे ढकलले, की ती खांबावर आदळून तिला रक्त आले. साराने पुढचामागचा विचार न करता त्या बाईंच्या थोबाडीत मारली. माफी मागण्याचा हुकूम झाला, साराने साफ नकार दिला आणि मानाची जागा सोडून ती घरी आली. हातून चूक झाली होती, हे खरेच. मात्र तिच्या आयुष्यातल्या पुष्कळशा गोष्टी याच धाटणीच्या आहेत. राग आवरता यायचा नाही, पण त्याची किंमत ती स्वतः मोजी.

पुढच्याच वर्षी, १८६४ च्या डिसेंबरात, तिला मुलगा झाला. बेल्जियमच्या एका सरदार घराण्यातील राजपुत्र त्याचा पिता होता, पण लग्न झाले नव्हते. वीस वर्षांची मुलगी, हाताला धड काम नाही आणि पदरात मूल. आजही अशा वेळी किती घरांची दारे बंद होतात, ते आपण जाणतो. साराने मुलाला लपवले नाही की कुणाला देऊन टाकले नाही. मोरीस हे त्याचे नाव, आणि आडनाव बर्नारच. जन्मभर तो तिच्या गळ्यातला ताईत होता. पुढे त्याने जुगारात उधळलेले पैसेही तिनेच भरले. त्याचे अतोनात लाड केले, हा तिचा दोष मी झाकून ठेवणार नाही.

१८६६ साली ओदेऑन नाट्यगृहात तिला काम मिळाले आणि खरे दिवस पालटले ते तिथे. १८६९ साली फ्रांस्वा कोपे या तरुण कवीच्या एका छोट्या नाटुकल्यात तिने रस्तोरस्ती गात फिरणाऱ्या पोराची भूमिका केली आणि पॅरिस तिच्या आवाजावर लुब्ध झाले. त्याच वर्षी तिच्या बिऱ्हाडाला आग लागून होते नव्हते ते जळून गेले. तिच्या मदतीसाठी मुद्दाम एक प्रयोग लावावा लागला.

त्यानंतर आले १८७० चे युद्ध. जर्मन सैन्याने पॅरिसला वेढा घातला. नाटके बंद पडली, आणि पुष्कळशी बडी मंडळी शहर सोडून गेली. सारा गेली नाही. मुलाला व घरच्यांना बाहेर सुरक्षित जागी धाडून तिने ओदेऑनचे रुग्णालय करून टाकले. नाट्यगृहाच्या दिवाणखान्यांतून खाटा मांडल्या, ओळखीपाळखीच्या श्रीमंतांकडून धान्य, कपडे, औषधे मागून आणली. कडाक्याच्या हिवाळ्यात जळण संपले, तेव्हा नाटकाचे देखावेसुद्धा चुलीत गेले. शहरावर तोफा पडू लागल्या, तशी तिने जखमींना तळघरात हलवले. वेढा उठेपर्यंत दीडशेहून अधिक जखमींची शुश्रूषा तिथे झाली. समाजसेविकेचे चरित्र का नाही, असे विचारणाऱ्या माझ्या मैत्रिणींनी हे पान जरूर ध्यानात ठेवावे.

युद्ध संपले आणि साराचा भाग्योदय झाला. १८७२ साली व्हिक्टर ह्यूगोच्या रुय ब्लासमध्ये तिने स्पेनच्या राणीची भूमिका केली. ती इतकी गाजली, की ज्या संस्थेतून ती थोबाडीत मारून बाहेर पडली होती, त्याच संस्थेने तिला मानाने परत बोलावले. १८७४ मध्ये तिथे तिने रासिनच्या फेद्रचे काम केले. सावत्र मुलावर मन जडलेली आणि त्या पापाने आतून जळणारी ही राणी म्हणजे फ्रेंच नट्यांची कसोटीच मानली जाते. १८७७ मध्ये ह्यूगोच्याच एर्नानी नाटकातील तिचे काम पाहून तो वृद्ध कवी इतका हेलावला, की त्याने तिला अश्रूच्या आकाराचा हिरा भेट पाठवला.

रूपाने ती त्या काळच्या कल्पनेप्रमाणे सुंदर नव्हती. गोल गरगरीत बायकांची चलती असलेला तो काळ, आणि ही वेताच्या छडीसारखी. व्यंगचित्रकारांना तिच्या बारीकपणाने वर्षानुवर्षे खाद्य पुरवले. पण आवाज मात्र असा, की लोक त्याला सोन्याची उपमा देत. शिवाय बाईला छंद किती! ती मूर्तिकला शिकली आणि तिच्या मूर्ती पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. १८७८ साली ती विमानाआधीच्या त्या बलूनमध्ये बसून पॅरिसवर आकाशात फिरून आली. घरात चित्ते, माकडे यांसारखे प्राणी पाळले. आणि ऐकून अंगावर काटा येईल, पण आपली शवपेटी तिने तरुणपणीच घरात आणून ठेवली होती आणि तिच्यात झोपून छायाचित्रही काढून घेतले होते. लोकांच्या तोंडी सतत आपले नाव राहावे, ही कला तिला चांगली अवगत होती. स्वतःविषयीच्या कथा तिखटमीठ लावून सांगण्याची तिला खोडही होती. म्हणून तिचे आत्मचरित्र वाचताना चार गोष्टी चाळणीने चाळून घ्याव्या लागतात.

१८८० साली एका नाटकात तिचे काम पडले, टीका झाली आणि तिने पुन्हा राजीनामा दिला. या खेपेला करार मोडल्याबद्दल न्यायालयाने तिला एक लाख फ्रँक दंड ठोठावला. दुसरी एखादी हबकून गेली असती. साराने स्वतःची नाटक मंडळी उभारली आणि अमेरिकेची आगबोट पकडली. त्या पहिल्या दौऱ्यात तिने ५१ गावी १५७ प्रयोग केले. सगळी नाटके फ्रेंच भाषेत. प्रेक्षक भाषांतराची पुस्तिका हातात धरून बसत. काही ठिकाणी धर्मगुरूंनी तिच्या नाटकांचा जाहीर निषेध केला, त्याने गर्दी वाढलीच. धाकट्या द्यूमाच्या नाटकातील क्षयाने मरणारी मार्गरीत ही तिची भूमिका तर पुढे जगभर गाजली. मरणाचा प्रसंग ती असा वठवी, की भाषा न कळणारेही डोळे पुशीत बाहेर पडत.

इथून पुढे तिचे आयुष्य म्हणजे प्रवासच. युरोप, रशिया, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया. सार्दू या नाटककाराने तिच्यासाठी मुद्दाम नाटके लिहिली. १८८७ चे तोस्का त्यांतलेच. १८८२ साली तिने दामाला नावाच्या देखण्या ग्रीक तरुणाशी लंडनमध्ये लग्न केले. तो मॉर्फिनच्या व्यसनात बुडालेला होता. तिने त्याच्यासाठी नाटकात भूमिका दिल्या, त्याचे अपमान सोसले, कर्ज झाले म्हणून दागिने लिलावात काढले. दोघे वेगळी झाली. तरी तो मरणाच्या दारी आला तेव्हा तिनेच त्याची सेवा केली. १८८९ मध्ये तो वारला.

१८९३ पासून ती पॅरिसमध्ये स्वतःचे नाट्यगृह चालवू लागली. १८९९ मध्ये त्याहून मोठे नाट्यगृह भाड्याने घेऊन त्याला तिने स्वतःचे नाव दिले. नाटकांची निवड, तालमी, कपडेपट, हिशेब, सगळीकडे तिची नजर असे. अल्फोन्स मुखा हा चित्रकार तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. १८९५ च्या प्रारंभी साराच्या जिस्मोंदा नाटकासाठी त्याने काढलेले भित्तिपत्रक पॅरिसभर लागले आणि तो एका रात्रीत प्रसिद्धीस आला. साराने लगेच त्याला आपल्या कामासाठी करारबद्ध केले. दुसऱ्याचा गुण ओळखणारी नजर तिच्यापाशी होती.

त्याच सुमारास ड्रेफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ आला आणि सारा देश दुभंगला. साराने निर्दोष ड्रेफसची बाजू घेतली. लाडका मुलगा नेमका विरुद्ध पक्षात! मायलेकांत काही काळ अबोला पडला, पण तिने मत बदलले नाही. मुलाचे लाड किती करावेत हे तिला कळले नसेल, पण कुठे थांबावे हे कळत होते.

आता माझ्या आवडीचा भाग. १८९९ मध्ये साराने हॅम्लेटचे काम केले. हॅम्लेटच्या आईचे नव्हे, खुद्द हॅम्लेटचे! काही इंग्रज टीकाकारांनी टर उडवली, पण तिने ते नाटक थेट शेक्सपिअरच्या गावी, स्ट्रॅटफर्डला नेऊन करून दाखवले. १९०० साली रोस्ताँच्या लेग्लाँमध्ये नेपोलियनच्या कोवळ्या मुलाची भूमिका केली, तेव्हा ती ५५ वर्षांची होती. आपल्याकडे त्या काळी पुरुष लुगडे नेसून स्त्रियांची कामे करीत, आणि पुढे बालगंधर्वांनी ती कला कळसाला नेली. तिकडे ही आजीबाई कमरेला तलवार लावून राजपुत्र होत होती. मिशा लावताना मला उगाचच संकोच वाटत असे, तो हे वाचल्यावर गेला.

१९०० सालच्या पॅरिसच्या महाप्रदर्शनात हॅम्लेटमधल्या द्वंद्वयुद्धाचा तिचा छोटासा चित्रपट दाखवला गेला. चलच्चित्र म्हणजे जत्रेतला खेळ, प्रतिष्ठित नटाने तिकडे फिरकू नये, असे मानण्याचे ते दिवस. साराने तो कमीपणा मानला नाही. १९१२ मध्ये तिने एलिझाबेथ राणीवरच्या मूकपटात काम केले. अॅडॉल्फ झुकोर या गृहस्थाने तो अमेरिकेत आणला. त्याच्या यशावर झुकोरने जी कंपनी उभी केली, तिच्यातूनच पुढे पॅरामाउंट ही प्रचंड चित्रसंस्था निघाली. हा मूकपट आज घरबसल्या पाहता येतो, नातीने मला तो दाखवला. खरे सांगायचे तर हातवारे फार वाटतात, आणि जिचा आवाज हेच जिचे धन, ती तिथे मुकी आहे. तरी शेवटी राणी उशांच्या राशीवर कोसळते, तेव्हा डोळे हटत नाहीत. नंतरच्याच वर्षी, १९१३ मध्ये, आपल्या दादासाहेब फाळक्यांना राजा हरिश्चंद्रासाठी तारामती मिळेना. एकही स्त्री पुढे आली नाही म्हणून अण्णा साळुंके या पुरुषाला ती भूमिका द्यावी लागली. त्यानंतरच्या मोहिनी भस्मासुरात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. त्या मायलेकींना किती धैर्य लागले असेल, हे साराचे चरित्र वाचल्यावर अधिक उमगते.

साराच्या दुखण्याची गोष्ट १९०५ पासूनची. रिओ द जानेरो येथे तोस्काचा प्रयोग चालला होता. शेवटी नायिका तटावरून खाली उडी घेते. खाली गाद्या घातलेल्या असतात, त्या त्या दिवशी नीट नव्हत्या. उजवा गुडघा जबर दुखावला आणि पुन्हा कधी धड झाला नाही. तरी त्याच पायावर तिने पुढचा अमेरिकेचा दौरा केला. टेक्ससमध्ये नाट्यगृहे मिळेनात, तर भल्यामोठ्या तंबूत प्रयोग लावले. अशी दहा वर्षे वेदना अंगावर काढली. अखेर १९१५ च्या फेब्रुवारीत बोर्दो येथे तो पाय मांडीपासून कापावा लागला. तेव्हा तिचे वय ७० वर्षांचे होते आणि देशात महायुद्ध चालू होते.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. मला वाटले, आता संपले. पण पुढे पाने बरीच होती!

लाकडी पाय तिला रुचला नाही. तिने एक पालखीवजा खुर्ची करवून घेतली आणि दोन माणसे तिला त्या खुर्चीतून नेऊ लागली. अशा स्थितीत ती युद्धआघाडीवर गेली आणि सैनिकांसमोर उघड्यावर, गोठ्यांतून, इस्पितळांतून तिने प्रयोग केले. १९१६ पासून दोन वर्षे पुन्हा अमेरिकेचा दौरा केला. बसून, टेकून, आडवे पडून करता येतील असे प्रवेश तिने निवडले. पाय नव्हता, पण मुद्रा होती, हात होते, आवाज होता. १९२० मध्ये ७५ व्या वर्षी रासिनच्या अताली राणीचे काम तिने पालखीत बसून केले. १९२२ च्या डिसेंबरात एका नव्या नाटकाच्या रंगीत तालमीच्या वेळी ती कोसळली. जरा बरे वाटताच चित्रपटाचे काम घेतले. बाहेर जाता येत नाही म्हणून चित्रीकरण तिच्या घरीच चालले. ते अर्धवट असतानाच २६ मार्च १९२३ रोजी मोरीसच्या मांडीवर तिने प्राण सोडला. अंत्ययात्रेला सारे पॅरिस लोटले होते. पेर लाशेज स्मशानभूमीत तिची समाधी आहे.

मरणानंतरही एक अन्याय तिच्या वाट्याला आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिस व्यापले, तेव्हा ती ज्यू वंशाची म्हणून तिच्या नाट्यगृहावरचे तिचे नाव काढून टाकले. युद्ध सरल्यावर ते परत लावले गेले. पुढे ती वास्तू नगर-नाट्यगृह म्हणून ओळखली जाऊ लागली.

साराच्या पत्रांच्या कागदावर, सामानसुमानावर तिचे ब्रीद छापलेले असे. फ्रेंचमधले ते दोन शब्द. आपल्या भाषेत त्यांचा अर्थ तरीही, काही झाले तरी, असा होतो. भगिनींनो, तिचे सगळेच वागणे गिरवण्याजोगे आहे, असे मी म्हणणार नाही. ती उधळी होती, हट्टी होती, कधी खोटेही बोले. पण वडिलांचे नाव नसताना, नवऱ्याचा आधार नसताना, आणि शेवटी एक पाय नसताना तिने साठ वर्षे आपल्या कष्टाची भाकरी खाल्ली व असंख्यांना खाऊ घातली. नटीचे चरित्र कशाला, याचे माझे उत्तर एवढेच आहे.

यंदाच्या नाटकात आजेसासूबाईंचे काम आहे. तीनही अंक खुर्चीत बसून बोलायचे. ते काम कुणी करावे, याचा विचार चालला आहे, असे चिटणीसबाईंनी कळवले होते. हा लेख सोबत पाठवताना मी त्यांना चिठ्ठीही पाठवली आहे, की काठी घेऊन मी सोमवारपासून तालमीला येते. मिशा या खेपेला लागणार नाहीत, एवढीच काय ती रुखरुख!